गाळलेल्या जागा

तिसरी घंटा झाली तेव्हा सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या आणि माणसं नऊ.

ही नऊ माणसं कोण, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांचं काम पडणार आहे. मुख्याध्यापक भटकर सर, त्यांच्या शेजारी दोन शिक्षिका, दाराशी शिपाई सुखदेव, मुलांसाठी उपम्याचं पातेलं घेऊन आलेल्या कांताबाई, मुलांना रिक्षातून आणून सोडणारे यासीनभाई आणि कॅमेऱ्यांपाशी थेट प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीचे दोन तंत्रज्ञ. हे झाले आठ. नवव्या ताथोड मॅडम. त्या खुर्चीत नव्हत्या. हातात संहितेची वही घेऊन त्या विंगेत उभ्या होत्या, गेली चाळीस वर्षं उभ्या राहत आल्या तशा.

बाकीचे प्रेक्षक आपापल्या घरी होते. मूर्तिजापुरात आता फेब्रुवारीतच सकाळी आठ वाजता पत्रे तापू लागत. चार वर्षांपूर्वीच्या त्या वाईट उन्हाळ्यानंतर सभागृहात गर्दी जमवायला मनाई झाली. पुढे मनाई उठली, पण लोक काही परतले नाहीत. घरी बसून सगळं मिळत होतं. नाटक, गाणं, कीर्तन, चित्रांचं प्रदर्शन, सगळं भिंतीवरच्या ‘रंगदर्शी’ नावाच्या यंत्रात यायचं आणि सभागृहापेक्षा चांगलं यायचं. डास नाहीत, पुढच्याचं डोकं आड येत नाही, मागे बसून कुणी शेंगा फोडत नाही. शाळेचं स्नेहसंमेलनही मग रंगदर्शीवरच होऊ लागलं. मुलं तेवढी सकाळी साडेसहाला सभागृहात यायची, नाटक करायची आणि ऊन चढायच्या आत घरी जायची.

त्या वर्षीचं नाटक होतं ‘विहिरीची साक्ष’. दोन भाऊ एका विहिरीवरून भांडतात, खटला उभा राहतो आणि शेवटी न्यायाधीश विहिरीलाच साक्षीला बोलावतात. विहीर झाली होती पाचवीतली मिहिका तायडे. निळं कापड पांघरून ती नाटकभर गप्प उभी असायची. अगदी शेवटी तिला तीनच वाक्यं होती.

"मी पाहिलं. मी सगळं पाहिलं. हे दोघं रोज माझ्यात डोकावले, पण पाणी कुणी पाहिलं नाही."

मिहिका तोतरी बोलायची, विशेषतः ‘प’ आला की. ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. घरी आई, वर्गात पोरं, दुकानात दुकानदार, जो तो तिचं वाक्य आपणच पुरं करून मोकळा व्हायचा. त्यामुळे मिहिकाने हळूहळू बोलणंच सोडलं होतं. ताथोड मॅडम निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण संमेलनाचं नाटक अजून त्याच बसवायच्या. ही मोठ्या डोळ्यांची गप्प मुलगी त्यांनी मुद्दाम निवडली. आठ महिने रोज दुपारी मिहिका त्यांच्या घरी जायची. मॅडम तिला एकच गोष्ट शिकवायच्या.

"शब्द कुठं पळून जात नाही, बेटा. तू थांब, तोही थांबतो. मी पण थांबते. मला काय घाई आहे? माझा वरण-भात झालेला आहे."

मिहिका हसायची. मॅडमनी आठ महिन्यांत तिचा एकही शब्द पुरा केला नाही.

तर त्या सकाळी न्यायाधीश झालेल्या मुलाने हाक मारली, "विहिरीला बोलवा!" आणि मिहिका पुढे आली.

"मी," ती म्हणाली. आणि ओठ मिटले.

एक सेकंद गेला. दोन. चार. पहिल्या रांगेतल्या एका शिक्षिकेने तोंडावर हात धरला. मॅडमच्या हातात वही होती, वाक्य डोळ्यांसमोर होतं. चाळीस वर्षांत प्रॉम्प्टिंगची एकच खूण त्यांनी पक्की केली होती. विसरलेल्या नटाचे डोळे विंगेकडे येतात, थांबलेल्या नटाचे डोळे समोरच असतात. मिहिकाचे डोळे समोर होते. रिकाम्या खुर्च्यांवरून थेट दारापर्यंत गेलेले.

मॅडमनी वही मिटली.

सात सेकंद. नऊ. अकरा.

"प... प... पाहिलं," मिहिका म्हणाली. मग उरलेली वाक्यं वाट मोकळी झाल्यासारखी आली. थोडी अडखळली, थोडी घसरली, पण तिची स्वतःची. नाटक संपायच्या आधीच दाराशी उभा असलेला सुखदेव टाळ्या वाजवू लागला आणि यासीनभाईंनी खांद्यावरच्या रुमालाने डोळे पुसले.

*

मिहिकाला घरी सोडायला त्या दिवशी मॅडम स्वतः रिक्षात बसल्या. पोरगी वाटभर बोलत होती. प्रत्येक वाक्यात दोनदा अडकत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं.

दार तिची आई श्रावणी हिने उघडलं. तिच्या कानात रंगदर्शीचा मणी अजून तसाच होता. प्रत्येकाला आपापला आवाज नीट ऐकू यावा म्हणून कंपनी यंत्राबरोबर असे मणी द्यायची. श्रावणीचे डोळे रडून लाल झाले होते.

"किती झरझर बोलली वं माही बाई!" तिने मिहिकाला उचलूनच घेतलं. "एकदाही अडकली नाही! नागपूरच्या मावशीचा फोन आला, अकोल्याच्या काकूचा आला. सगळे रडून राहिले!"

"अ... अडकले होते मी," मिहिका म्हणाली.

"कुठं अडकली? काहीतरीच!"

"अकरा सेकंद थांबली होती ती, श्रावणी," मॅडम म्हणाल्या. "तेच तर खरं..."

"मॅडम, तुम्ही विंगेत होत्या. तुम्हाले कुठून दिसलं असंन? पाहा आता."

तिने भिंतीला सांगितलं आणि भिंत उजळली. निळं कापड पांघरलेली मिहिका पुढे आली. न्यायाधीशाची हाक आली. आणि ती म्हणाली, "मी पाहिलं. मी सगळं पाहिलं. हे दोघं रोज माझ्यात डोकावले, पण पाणी कुणी पाहिलं नाही."

आवाज मिहिकाचाच होता. ओठही तिचेच. मध्ये कुठे फट नव्हती, सांधा नव्हता.

"पुन्हा लाव," मिहिका म्हणाली. तिने ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी ती भिंतीवरच्या मुलीबरोबर आपले ओठ हलवत होती, आवाज न काढता.

*

रंगदर्शीचं विज्ञान तसं अवघड नव्हतं. डिसेंबरात कंपनीचा प्रतिनिधी शाळेत आला तेव्हा त्याने मॅडमना ते समजावून सांगितलं होतं.

"आम्ही चित्र पाठवतच नाही, मॅडम. ठिपके पाठवतो. तुम्ही मुलांना ठिपके जोडून चित्र काढायला देता ना? तसंच. नटाचे सांधे, ओठ, डोळे कुठे आहेत, आवाजाची पट्टी किती, एवढंच निघतं इथून. प्रत्येक मुलाचा चेहरा आणि दहा मिनिटांचं बोलणं यंत्रात आधीच भरलेलं असतं. घरचं यंत्र ठिपके जोडतं आणि चित्र काढतं."

"आणि वाटेत ठिपके हरवले तर?"

"यंत्राकडे संहिता असते. पुढचं वाक्य त्याला ठाऊक असतं. जागा भरून टाकतं."

"म्हणजे गाळलेल्या जागा भरा."

"अगदी बरोबर! तुमच्या प्रॉम्प्टरसारखं समजा."

मॅडमना ते आवडलं होतं. प्रॉम्प्टरने आजवर कुणाचं वाईट केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणून त्यांनी सही केली. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मुलांचं दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा माइक पाहून मिहिका पांढरी पडली आणि मॅडमना तिची दया आली. सगळ्यांबरोबर सुरात म्हणताना तोतरं मूल अडखळत नाही, हे कुठल्याही जुन्या शिक्षकाला ठाऊक असतं. मॅडम तिच्या शेजारी बसल्या आणि दोघींनी मिळून पाचवीचे धडे एका सुरात वाचले. मिहिका झऱ्यासारखी वाचत गेली. नंतर तंत्रज्ञाने मॅडमचा आवाज वेगळा काढून टाकला.

यंत्राला ठाऊक झाली ती ही मिहिका. न अडखळणारी.

एक गोष्ट मात्र प्रतिनिधीने सांगितली नव्हती. कदाचित त्यालाही ती पुरती कळली नसावी. कानातला मणी ऐकवायचा तसा मोजायचाही. नाडी, घाम, श्वास. पाहणारा अस्वस्थ झाला की यंत्र धरून चालायचं की वाटेत काहीतरी गळलं आहे, आणि ते भरून काढायचं. एक क्षण मागे राहून दाखवत असल्यामुळे भरायला त्याला वेळही मिळायचा. तारेत हरवलेला शब्द आणि एका मुलीच्या घशात थांबलेला शब्द यांत फरक असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. नवशिक्या प्रॉम्प्टरसारखं ते प्रत्येक शांततेत घुसत होतं. फरक एवढाच की नवशिक्या प्रॉम्प्टरला विंगेतून ओढून बाहेर काढता येतं.

*

सोमवारी मॅडम भटकर सरांच्या खोलीत जाऊन बसल्या.

"मूळ रेकॉर्डिंग हवंय मला. जसं घडलं तसं."

सरांनी कंपनीला फोन लावला, ऐकलं, ठेवला. "मूळ असं काही नसतं म्हणतात. ठिपके आले, जोडले, संपले. जे घरी दिसलं तेच जपलेलं असतं. आणि मॅडम, दोनशे चाळीस घरांतून एक तक्रार नाही. प्रत्येक घरात आपलंच पोरगं मधोमध दिसलं. गोडेंच्या घरी तं म्हणे न्यायाधीशापेक्षा झाड झालेल्या त्यांच्या पोराची भूमिका मोठी होती." ते स्वतःच हसले.

"सर, तुम्ही तिथं बसले होते. पहिल्या रांगेत. ती अकरा सेकंद थांबली, ते तुम्ही पाहिलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "थांबली असंन थोडी. पण अकरा? मी घरी मिसेससोबत पुन्हा पाहिलं ना. इतकं काही जाणवलं नाही."

मॅडम उठल्या आणि थेट शिक्षकांच्या खोलीकडे निघाल्या.

त्या दोन्ही शिक्षिकांना भेटल्या. एक म्हणाली, आठवत नाही. दुसरी म्हणाली, तुम्हाला भास झाला असेल, विंगेत किती उकडत होतं. कंपनीचे तंत्रज्ञ दुसऱ्या गावी गेले होते. कांताबाई म्हणाल्या, "म्या तं उपम्याकडं पाहून राहिली होती, बाई." उरला सुखदेव. नाटक संपायच्या आधी टाळ्या वाजवणारा सुखदेव.

तो शाळेच्या हौदापाशी बादल्या धुवत होता. मॅडमनी विचारलं तसा तो हात पुसत उभा राहिला.

"मॅडम, त्या दिवशी मले वाटलं होतं की थांबली. खरंच वाटलं होतं. पण नातवाले दाखवायसाठी घरी पुन्हा पाहिलं. चारदा पाहिलं. नाही थांबली ती."

"मग तू टाळ्या कशाला वाजवल्या?"

सुखदेवने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "तेच आठवून राहिलो," तो म्हणाला. "काहून वाजवल्या असतीन म्या?"

माणसाची आठवण म्हणजे पेटीत ठेवलेलं कापड नव्हे. ती दर वेळी नव्याने विणली जाते, आणि विणताना हाताशी जो धागा असेल तो घेतला जातो. रंगदर्शीचा धागा घरोघरी रोज हाताशी होता. आठवडाभरात नवांतले दोनच उरले. स्वतः मॅडम आणि यासीनभाई, कारण यासीनभाईंच्या घरी यंत्र नव्हतं.

मॅडम त्यांना घेऊन श्रावणीकडे गेल्या.

"बेटी रुकली होती, ताई," यासीनभाई दारातच म्हणाले. "लय वेळ रुकली. मी म्हटलं, आता रडते. पण रडली नाही. बोलली. माझ्या अंगावर काटा आला होता."

श्रावणीने त्यांना पाणी दिलं. मिहिका शेजारच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. यासीनभाईंकडे तिने असं पाहिलं की मॅडमना वाटलं, अजून वेळ गेलेली नाही.

"बसा, मॅडम," श्रावणी म्हणाली. "खरं सांगू? मले कळते. थांबली असंन ती. माही पोरगी आहे, मले नाही कळणार? पण आठ वर्षं मी तिचं बोलणं ऐकून राहिली. तिचा एक-एक शब्द माह्या छातीत अडकते. बाप पुण्याला, सासरचे म्हणतात तुम्ही लाड केले म्हणून असं झालं. अन् त्या दिवशी पहिल्यांदा ती सरळ बोलली. माह्या कानांनी ऐकलं म्या. ते तुम्ही खोटं करून राहिल्या."

"ती बोलली ते खोटं नाही, श्रावणी. यंत्र बोललं ते..."

"मले तेच पाहिजे," श्रावणी म्हणाली. ती ओरडली नाही.

मॅडमनी दाराकडे पाहिलं. मिहिका आत गेली होती.

*

मार्चमध्ये मण्याला नवी सोय आली. कंपनीने ती मोफत दिली. आता नाटक सुरू नसतानाही मणी कानात ठेवला की घरातलं बोलणंही स्वच्छ ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर गाळून, गळलेले शब्द भरून. म्हातारे आई-बाप, बोबडी मुलं, पक्षाघाताने जीभ जड झालेली माणसं, सगळ्यांचं बोलणं घरच्यांना कळू लागलं. त्यात खरोखर कितीतरी घरांचं भलं झालं, तेही सांगितलं पाहिजे. भिंतीवरचा कॅमेरा ओठ वाचायचा आणि मणी बोलायचा.

मिहिका दुपारची मॅडमकडे येईनाशी झाली. आधी परीक्षा होती, मग ऊन होतं. मॅडमचा वरण-भात वेळेवर होत होता. एप्रिल गेला, मे गेला. मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायच्या आणि स्वतःला सांगायच्या, मूल आहे, येईल.

जूनमध्ये शाळेतून पुढच्या संमेलनाचा फॉर्म आला. मुलांना सभागृहात आणण्याची या वर्षी गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं. गेल्या वर्षीचे चेहरे आणि आवाज यंत्राकडे आहेतच. दिग्दर्शकाने फक्त संहिता पाठवावी. खाली सहीसाठी जागा मोकळी सोडलेली होती.

मॅडमनी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि यासीनभाईंना हाक मारली.

सकाळचे नऊ वाजले होते. श्रावणी पोळ्या लाटत होती. मिहिका ओट्यापाशी स्टुलावर बसली होती. मॅडम आत आल्या तशी श्रावणी मोकळेपणाने हसली. मागचं काही तिने मनात ठेवलेलं नव्हतं.

"या, या, मॅडम! आत्ताच तुमचं नाव काढलं हिनं. काय म्हणाली होती वं तू?"

मिहिकाने आईकडे पाहिलं. तिचे ओठ किंचित हलले. मॅडमना काही ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, वयाचा परिणाम. त्या एक पाऊल पुढे सरकल्या.

श्रावणी खळखळून हसली. "पाहा! किती बोलते आता! दिवसभर तोंड बंद नाही हिचं. काल रात्री आजीले अख्खी गोष्ट सांगितली."

मॅडमनी स्वयंपाकघर ऐकलं. लाटण्याचा आवाज होता. तव्यावर पोळी फुगत होती. बाहेर यासीनभाई रिक्षा सावलीत घेत होते. बाकी काहीही नव्हतं. मिहिकाचे ओठ पुन्हा हलले, जेमतेम, आपल्यालाच काहीतरी सांगत असल्यासारखे. आणि आईने पुन्हा उत्तर दिलं, "हो, हो, देते तुले साखर लावून."

"श्रावणी," मॅडम म्हणाल्या, "दोन मिनिटं तो मणी काढ."

"काहून?"

"माझ्यासाठी काढ."

"आता नको, मॅडम. हात पिठाचे आहेत." श्रावणीने मान वळवली. लाटणं थांबलं नाही.

मॅडम मिहिकासमोर खाली बसल्या. गुडघा दुखला, त्यांनी दुखू दिला. त्यांच्या कानात मणी नव्हता आणि ते मिहिकाला दिसत होतं.

"मिहिका, मला ऐकू येत नाहीये, बेटा. मला सांग. त्या दिवशी सभागृहात काय झालं?"

मिहिका त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या छातीत श्वास भरलेला मॅडमनी पाहिला. किती महिन्यांनी!

"मी," मिहिका म्हणाली. आवाज गंजलेला होता, पण आवाज होता. मग ओठ मिटले. ‘प’ वर.

मॅडम थांबल्या. एक सेकंद. दोन. मिहिकाचे डोळे समोर होते, थेट त्यांच्या डोळ्यांत. मानेची शीर ताठ झाली होती. चार. सहा. शब्द येत होता. मॅडमना तो दिसत होता, दाराशी आलेल्या माणसासारखा.

"वा!" मागून श्रावणी म्हणाली. पिठाच्या हातांनी तिने टाळी वाजवली. "किती सुंदर सांगितलं वं! ऐकलं ना, मॅडम? मी सगळं पाहिलं म्हणे!"

मिहिकाने आईकडे पाहिलं. ओठ अजून मिटलेलेच होते. त्यांच्यामागे भरून धरलेला श्वास तिने नाकावाटे हळूच सोडून दिला.

मग तिचे डोळे वळले. आधी आईकडून भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे, कॅमेऱ्याकडून मॅडमकडे, आणि तिथेच अडकले. पुढचं वाक्य मागणारे ते डोळे मॅडम चाळीस वर्षं ओळखत होत्या.

आणि पुढचं वाक्य काय, ते आज पहिल्यांदाच त्यांना ठाऊक नव्हतं.